हिमशिखराचा बेत

तापीच्या खोऱ्यात, भुसावळपासून थोड्याच अंतरावर दीपनगर ही वसाहत वसलेली आहे. येथील औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दूरवरून दिसतात. समुद्रसपाटीपासून ही भूमी जेमतेम २१० मीटर उंच आहे. वैशाखात येथील पारा ४५ अंशांच्याही वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि रात्री अंगणातील बाजाही तापलेल्या लागतात. अशा प्रदेशात वाढलेल्या माणसाला बर्फ म्हटले की रसवंतीगृहातील लादी आठवावी, हे साहजिकच आहे. समजा, या वसाहतीतील सहा तरुणांनी हिमालयातील एखादे शिखर चढण्याचा बेत केला, तर त्यांना कशाकशाचा विचार करावा लागेल?

पहिला प्रश्न शिखर कोणते निवडावे हा होय. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. नवख्याने त्याचे नाव आदराने घ्यावे आणि पुढे चालावे. परंतु हिमालयात अशीही काही शिखरे आहेत, की ज्यांच्या माथ्यावर उत्तम प्रकृतीचा, थोडे शिक्षण घेतलेला आणि जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने जाणारा नवखा मनुष्य पोहोचू शकतो. नेपाळमधील इमजा त्से हे ६,१८९ मीटर उंचीचे शिखर या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडीतील काही गिर्यारोहकांनी मुख्य चढाईपूर्वी सराव म्हणून ते प्रथम सर केले. लडाखातील स्तोक कांगरी हे ६,१५३ मीटरांचे शिखरही अनेक वर्षे नवख्यांचे आवडते होते. पण माणसांची इतकी गर्दी तेथे लोटली, की डोंगरावर कचरा साचला, खालच्या गावाच्या पाण्याची चिंता उत्पन्न झाली आणि २०२० सालापासून ते शिखर चढाईसाठी बंद करण्यात आले. डोंगरालाही विसावा द्यावा लागतो, तो असा.

आपल्या सहा तरुणांना सोयीचे असे शिखर हिमाचल प्रदेशात आहे. मनालीच्या वर, सोलंग खोऱ्याच्या माथ्याशी, पीर पंजाल रांगेत ‘फ्रेंडशिप’ नावाचे ५,२८९ मीटर उंचीचे शिखर आहे. बियास नदीचा उगम मानले जाणारे बियासकुंड त्याच परिसरात आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. मनाली हे गावच मुळी सुमारे २,०५० मीटरांवर आहे. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जेथे संपतो, त्याच्याही चारशे मीटर वर या प्रवासाची पहिली पायरी लागते!

‘सोपे शिखर’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. सोपे याचा अर्थ एवढाच, की तेथे उभे कडे चढावे लागत नाहीत आणि कृत्रिम प्राणवायूची नळकांडी पाठीवर वाहावी लागत नाहीत. हिमनदीतील भेगा तेथेही असतात, उतारावरून हिमकडे तेथेही कोसळतात आणि हवा तेथेही विरळच असते. पर्वताला चढणारा नवखा आहे की जुना, हे ठाऊक नसते.

ही विरळ हवा म्हणजे काय, हे दीपनगरच्या मुलाला समजावून सांगणे कठीण नाही. वीजकेंद्राच्या बाष्पकात हतनूर धरणाचे शुद्ध केलेले पाणी तापवून त्याची वाफ करतात. तेथील ५०० मेगावॅटच्या संचांत पाण्यावर एवढा प्रचंड दाब असतो, की ते १०० अंशांवर उकळत नाही. त्याला ३०० अंशांहूनही अधिक तापवावे लागते. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते, आणि दाब घटला की लवकर. पर्वतावर हा नियम उलट बाजूने अनुभवास येतो. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर असतो, त्याच्या भाराने आपल्याभोवतीची हवा दाबली जाते. जसजसे वर जावे, तसतसा डोक्यावरचा थर कमी होतो आणि दाबही घटतो. दर ३०० मीटरांना पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. चार हजार मीटरांवरील तळावर पाणी सुमारे ८६ अंशांवरच खदखदू लागते. पातेल्यातील तुरीची डाळ तासभर उकळते, पण शिजत नाही. म्हणून गिर्यारोहकांच्या सामानात प्रेशर कुकर हा मानाचा मानकरी असतो.

डाळीची अडचण कुकरने सुटते. फुप्फुसांची अडचण अशी सुटत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण दीपनगरला शेकडा २१ असते आणि फ्रेंडशिप शिखरावरही २१ च असते. पण तेथे हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून किंचितच अधिक राहतो. त्यामुळे एका श्वासात येथे जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जवळजवळ निम्माच तेथे मिळतो. माणूस चार पावले टाकतो आणि थांबून धापा टाकतो. शरीर या नव्या स्थितीला सरावते खरे. श्वास आपोआप जलद व खोल होतो, काही दिवसांनी रक्तातील तांबड्या पेशीही वाढू लागतात. परंतु या सगळ्याला वेळ लागतो. हा वेळ पैशाने विकत मिळत नाही आणि दंडातील बळाने कमी होत नाही. गावातील नामांकित पैलवान एखाद्या सडपातळ मुलाच्या आधी आजारी पडावा, असे पर्वतावर अनेकदा घडते.

घाई केल्यास काय होते, याचे एक दुःखद उदाहरण भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासात आहे. मेजर नरेंद्र धर जयाल हे दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य. ही संस्था १९५४ साली स्थापन झाली, आणि एव्हरेस्टवीर तेनसिंग नोर्गे तेथे प्रत्यक्ष चढाईचे शिक्षण देत असत. जयाल यांनी १९५५ साली कामेट या ७,७५६ मीटर उंच शिखरावरील मोहिमेचे नेतृत्व केले होते. पर्वत त्यांना नवा नव्हता. १९५८ साली मुंबईचे वकील केकी बनशाह यांच्या नेतृत्वाखाली चो ओयू या आठ हजार मीटरांहून उंच शिखरावर भारतीय मोहीम निघाली. जयाल तीत मागाहून सामील होण्यास निघाले. तुकडी पुढे गेलेली होती. तिला गाठण्यासाठी त्यांनी मजला वाढविल्या आणि शरीराला सवड न देता ते भराभर वर गेले. त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचले आणि तेथेच, पर्वतावर, त्यांना मृत्यू आला. मोहीम पुढे यशस्वी झाली; सोनम ग्यात्सो आणि पासंग दावा लामा हे दोघे शिखरावर पोहोचले. पण जे इतरांना पर्वत शिकवीत होते, त्यांचाच पर्वताने अशा रीतीने बळी घ्यावा, याचा धक्का सर्वांना बसला.

या आजाराविषयी तेव्हा डॉक्टरांनाही आजच्याएवढे ज्ञान नव्हते. पुढे १९६२ च्या युद्धकाळात मैदानी प्रदेशातील हजारो भारतीय सैनिकांना अल्पावधीत हिमालयातील ठाण्यांवर जावे लागले. त्यांतील आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास लष्करी डॉक्टर इंदरसिंग व त्यांचे सहकारी यांनी केला आणि १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. आज गिर्यारोहकांना जे नियम सांगितले जातात, त्यांच्या मुळाशी अशा पुष्कळ सैनिकांची व्यथा आहे.

तो मुख्य नियम असा : तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी मुक्काम करावा. दिवसा अधिक उंचीवर फिरून यावे आणि रात्री खाली येऊन निजावे, हे सर्वांत उत्तम. डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही आजाराची पहिली चिन्हे होत. ती दिसताच पुढे पाऊल टाकू नये. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला येऊ लागला किंवा मनुष्य भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर रात्र असो वा पाऊस, त्याला तत्काळ खाली उतरवावे. संशय असल्यास एक साधी परीक्षा घेतात. जमिनीवर एक सरळ रेघ ओढून, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावीत त्या रेघेवरून त्याला चालावयास सांगतात. तोल जाऊ लागला, तर मेंदूवर परिणाम होऊ लागला आहे असे समजावे. अशा वेळी रोगी ‘मला काही झालेले नाही’ असेच सांगत असतो. त्याचे ऐकू नये.

आता आपले सहा तरुण कागद घेऊन बसतात. पहिल्या दिवशी भुसावळहून दिल्लीकडे जाणारी गाडी. भुसावळ हे मोठे जंक्शन असल्यामुळे गाड्यांची वाण नाही. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेलही याच मार्गाने जाते. दिल्लीहून मनाली सुमारे ५३० किलोमीटर, तो प्रवास बसने. तिसऱ्या दिवशी मनालीस पोहोचून तेथे दोन रात्री राहावयाचे. पाचव्या दिवशी धुंडी येथे मुक्काम, सहाव्या दिवशी बकरथाच या ३,३०० मीटरांवरील कुरणात तंबू. हे नावच सांगते, की येथे मेंढपाळ आपल्या शेळ्या-मेंढ्या चरावयास आणतात. सातवा दिवस तेथेच; वर फेरफटका मारून खाली यावयाचे. आठव्या दिवशी सुमारे ३,८४० मीटरांवरील ‘लेडी लेग’ नावाचा तळ. नववा दिवस बर्फावरील सरावाचा. दहाव्या दिवशी ४,१०० मीटरांच्या आसपास शेवटचा तळ आणि अकराव्या दिवशी शिखर. त्यापुढचे दोन दिवस राखीव. मग उतरणे, मनाली, दिल्ली, भुसावळ. सारे मिळून सोळा-सतरा दिवस होतात.

येथे एखादा तरुण म्हणेल, ‘राखीव दिवस कशाला? ते आणि मनालीतील एक रात्र गाळली, तर रजा तीन दिवसांनी वाचेल.’ हिशेब बरोबर, पण शहाणपण नव्हे. ज्यांचे परतीचे आरक्षण शिखराच्या दुसऱ्याच दिवसाला टेकलेले असते, ते वादळातही चढावयास निघतात. कारण थांबण्यास त्यांच्यापाशी दिवसच उरलेला नसतो. वाचविलेली रजा अशा प्रसंगी फार महाग पडते.

महिना कोणता निवडावा, यावरही बराच खल होतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोऱ्यात पाऊस आणि धुके असते. ते महिने सोडून द्यावेत. मे-जूनमध्ये उतारांवर बर्फ भरपूर असते, पहाटे ते घट्ट असते आणि पावलांना चांगला आधार देते. मात्र ऊन वर आले की तेच बर्फ भुसभुशीत होऊन मांडीपर्यंत पाय आत रुततात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ असते, पण ताजे बर्फ वितळून खालचा निसरडा कठीण थर उघडा पडतो. आपले तरुण मे महिन्याचा शेवट निवडतात.

मेच्या शेवटी जावयाचे म्हणजे तयारीस डिसेंबरातच लागले पाहिजे. खानदेशात हिमालय नाही. पण उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आहेत. यावल तालुक्यातील मनुदेवीचा परिसर, रावेर तालुक्यातील पालचे रान, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या माथ्यावरचा कण्हेरगड, हीच त्यांची शाळा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीच्या सुमारास भाविकांची यात्रा भरते. म्हातारी माणसेही अंधारात, दगडधोंड्यांतून तो डोंगर चढतात. चढाईची दमदार चाल कशी असते, हे त्या यात्रेकरूंपासून शिकण्यासारखे आहे. ते धावत नाहीत आणि फार वेळ बसतही नाहीत. सरावाच्या दिवशी पाठीवर आधी पाच, मग आठ, मग बारा किलोंचे ओझे घ्यावे. इतर दिवशी पहाटे ऊन पडण्यापूर्वी तासभर भराभर चालावे किंवा जिने चढावे-उतरावे. उतरण्याचाही सराव हवा, कारण गुडघे चढताना नव्हे, उतरताना कुरकुरतात.

नुसते पाय घट्ट होऊन भागत नाही. बर्फावरचे शिक्षण स्वतंत्रच घ्यावे लागते. त्यासाठी दार्जिलिंगप्रमाणेच उत्तरकाशी येथे १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे आणि मनालीसही अशी संस्था आहे. तेथील प्राथमिक अभ्यासक्रम जवळजवळ महिनाभराचे असतात. सहांपैकी निदान दोघांनी तरी तो पुरा केलेला असावा आणि तुकडीबरोबर शिखर पूर्वी चढलेला स्थानिक वाटाड्या असावा. महाराष्ट्रातील ज्या मोहिमांची नावे आदराने घेतली जातात, त्यांच्यामागेही असेच शिक्षण होते. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्यामागे सह्याद्रीतील कित्येक वर्षांची पायपीट होती. २०१८ च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. आदल्या काही महिन्यांपर्यंत त्यांनीही बर्फ पाहिलेले नव्हते. दार्जिलिंगला आणि लडाखात त्यांना पायरीपायरीने सराव देण्यात आला, तेव्हा ती मुले एव्हरेस्टजवळ गेली.

सामानाची यादी पाहून नवख्याचे डोळे विस्फारतात. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाच्या तळाशी बांधावयाचे पोलादी काटे, म्हणजे क्रॅम्पॉन; हातात हिमकुऱ्हाड; कमरेला हार्नेस नावाचा पट्टा आणि त्यात अडकविलेला दोर; डोक्यावर हेल्मेट. एकाच दोराला तिघे-चौघे बांधलेले असतात. बर्फाखाली झाकलेल्या भेगेत एकजण गेला, तर बाकीचे आपल्या भाराने त्याला तोलून धरतात. घसरू लागल्यास पोटावर वळून कुऱ्हाडीचे टोक बर्फात रोवावयाचे, ही कृती इतकी गिरवावी लागते, की विचार न करता हात ती करू शकले पाहिजेत. काळ्या चष्म्याला मात्र नवखे लोक चैनीची वस्तू समजतात. वस्तुतः बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने काही तासांत डोळे सुजून दिसेनासे होते. यालाच हिमांधता म्हणतात. मेंढपाळ व हमाल यांच्यासाठीही दोन चष्मे अधिक घ्यावेत. ते अनेकदा चष्म्यावाचूनच येतात आणि मुकाट्याने त्रास सोसतात.

कपडे एक जाड घालण्यापेक्षा तीन पातळ, एकावर एक, घालावेत. अंगालगतचा सुती नसावा, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओले कापड थंडीत अंगाची ऊब हिरावून घेते. खानदेशात जे सूत उन्हाळ्यात सुखाचे, तेच येथे वैरी ठरते. उंचीवर भूक मंदावते, म्हणून ओळखीची, आवडीची चव जवळ असावी. शेंगदाण्याची चटणी, गूळ, खारी शेव, केळ्याचे वेफर्स हे पदार्थ जळगाव जिल्ह्यातील माणसाला कोठेही गोड लागतात. दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. आणि ते पाणी बर्फ वितळवूनच मिळवावयाचे असल्याने इंधनाचा हिशेब पाण्याच्या हिशेबाइतकाच काटेकोर हवा.

परवान्याची गोष्ट शेवटी आली तरी ती किरकोळ नव्हे. नियम वेळोवेळी बदलतात. यासाठी निघण्यापूर्वी दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे आणि मनालीतील अधिकाऱ्यांकडे चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. प्रत्येकाने डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घ्यावी. सहाही जणांची नावे, रक्तगट, मार्ग आणि परतण्याची तारीख यांचा एक कागद घरी व एक मनालीत ठेवावा.

शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास तंबू सोडतात. माथ्यावरच्या विजेरीच्या प्रकाशात पुढच्याची पावले तेवढी दिसतात. शेवटच्या तळापासून माथा अकराशे मीटरांहून अधिक उंच आहे. म्हणजे सहा-सात तासांची, कधी त्याहून अधिक वेळाची अखंड चढण. दोराचा नायक कोण, हे आदल्या संध्याकाळीच ठरलेले असते. दुसरीही एक गोष्ट तेव्हाच, सर्वांच्या डोक्यात पुरेसा प्राणवायू असताना, ठरवून कागदावर लिहितात : परत फिरण्याची वेळ. समजा, ती सकाळी दहाची ठरली. दहा वाजता तुकडी जेथे असेल तेथून मागे वळेल. माथा शंभर मीटरांवर दिसत असला तरी वळेल. वर असताना या ठरावावर चर्चा करावयाची नाही. समोर शिखर, निळे आकाश, मागे सहा महिन्यांची मेहनत आणि घरी सर्वांना सांगून आलेले. अशा वेळी ‘आणखी अर्धाच तास’ हे शब्द प्रत्येकाच्या ओठांवर येतात. पण त्या अर्ध्या तासात खालच्या उतारावरचे बर्फ मऊ होत असते, त्यावरील पूल ढिले होत असतात आणि उतरण्याचे सारे बळ अजून लागावयाचे असते. एकाला जरी पुढे जाववत नसेल, तरी त्याला उतारावर एकटे बसवून बाकीच्यांनी पुढे जावयाचे नाही. त्याच्याबरोबर अनुभवी सोबती खाली गेला पाहिजे, आणि तसा सोबती नसेल तर सगळा दोर खाली आला पाहिजे.

तळावर उतरल्यावर आणखी एक काम उरते. येताना किती डबे, पिशव्या आणि इंधनाची नळकांडी वर नेली, याची नोंद वहीत असते. तीवरून मोजून तेवढी सर्व खाली आणावयाची. मग दोर उन्हात वाळवून, त्याला कोठे चीर पडली आहे काय हे बोटांनी चाचपून, नीट वेटोळे करून ठेवतात.